नागपूरच्या स्वयंपाकघरातला धूर, ठसका आणि उकाडा बाहेर कसा काढावा: एक्झॉस्ट, चिमणी आणि कूलरचं एकत्र नियोजन

नवं घर बांधताना किंवा फ्लॅट स्कीममधला फ्लॅट ताब्यात आल्यावर स्वयंपाकघराची चर्चा ओट्याच्या ग्रॅनाइटपासून सुरू होते, ट्रॉल्यांवर येते आणि "चिमणी कोणती घ्यायची?" इथे संपते. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत हवा कुठून येणार, हा प्रश्न क्वचितच निघतो. खरं नियोजन त्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवं. पंखा तासाला ५०० घनमीटर हवा बाहेर फेकणार असेल, तर तेवढीच हवा घरात शिरायला वाट हवी. वाट नसली की मोटार नुसती घरघरते आणि मिरचीचा ठसका बेडरूमपर्यंत पोचतो.

नागपुरात याला आणखी एक बाजू आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा खिडकीतून येणारी 'ताजी हवा' म्हणजे लू असते. म्हणून इथल्या घरात कूलर आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट यांचा विचार एकत्र करावा लागतो. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता बसवले जातात आणि ओट्याशी उभं राहणाऱ्याला त्याचा त्रास वर्षानुवर्षं सोसावा लागतो.

आधी बघा, काय बाहेर काढायचं आहे

धूर हा त्यातला एकच भाग. फोडणीतून आणि तळणातून तेलाचे अतिसूक्ष्म कण उडतात. तेच माळ्याच्या कडांवर, ट्यूबलाइटवर आणि पंख्याच्या पात्यांवर चिकट थर होऊन बसतात, आणि श्वासातही जातात. गॅस कितीही निळ्या ज्योतीने जळो, त्यातून कार्बन डायऑक्साइड, थोडा नायट्रोजन डायऑक्साइड आणि ज्वलन अपुरं राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. शिवाय पाणी. एक किलो एलपीजी जळला की साधारण दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी घराच्या हवेत गेलेलं असतं. वरण-भाताची वाफ वेगळीच. पावसाळ्यात ओट्यामागच्या भिंतीला बुरशी का येते आणि मिठाला पाणी का सुटतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे. आणि चौथी गोष्ट उष्णता, जिच्याबद्दल इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

मग आपल्या घरात आठवडाभर काय शिजतं ते प्रामाणिकपणे लिहून काढा. रोजचं वरण, भात, पोळ्या, एक भाजी आणि सकाळचे पोहे एवढंच असेल तर गरज वेगळी. दर रविवारी कांदा-खोबरं-खसखस काळसर होईस्तोवर भाजून, भरपूर तेलात परतून, वर तर्री तरंगेल असा सावजी रस्सा होत असेल, पाटवड्या होत असतील, भिवापुरी मिरच्या घरीच भाजल्या जात असतील, तर गरज फार वेगळी. दुकानातला माणूस हे विचारत नाही. तो फक्त ओट्याची लांबी विचारतो.

माझं स्पष्ट मत असं: बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं, दार असलेलं स्वयंपाकघर आणि साधा रोजचा स्वयंपाक असेल, तर योग्य जागी बसवलेला चांगला एक्झॉस्ट पंखा पुरतो. हॉलला जोडलेलं ओपन किचन असेल किंवा तळण-परतण जास्त असेल, तर चिमणी घ्या आणि शक्य असेल तर एक्झॉस्टही ठेवा. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरवर चालणारी चिमणी मात्र घेऊ नका. ती वास थोडा कमी करते, पण वाफ, उष्णता आणि ज्वलनातले वायू पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडते.

वारा कुठल्या बाजूचा आहे

नागपुरात उन्हाळ्यात दुपारचा वारा बहुतेक पश्चिमेकडून आणि वायव्येकडून येतो. पावसाळ्यात तो नैऋत्य-पश्चिमेचा असतो, हिवाळ्यात मंद आणि उत्तर-ईशान्येकडे झुकलेला. एक्झॉस्टचं तोंड वाऱ्याच्या पाठीमागच्या बाजूला असेल तर वाराच हवा ओढायला मदत करतो. तोंड वाऱ्यासमोर असेल तर पंख्याला वाऱ्याशी झगडावं लागतं, आणि बंद असताना धूळ, पाऊस, सगळं त्यातूनच आत येतं.

वास्तू बघून आग्नेयेला स्वयंपाकघर ठेवणाऱ्यांना इथे आपसूक फायदा मिळतो, कारण एक्झॉस्ट पूर्वेच्या भिंतीत घेता येतो आणि वर्षातला बराच काळ वारा त्याच्या पाठीशी असतो. स्वयंपाकघर वायव्येला आलं असेल तर पश्चिमेची भिंत टाळून उत्तरेच्या भिंतीत तोंड काढा. तेही जमत नसेल तर बाहेरच्या टोकाला खाली वळलेला एल्बो किंवा झाकण असलेली टोपी बसवा.

महाल-इतवारीतल्या जुन्या, दोन्ही बाजूंनी चिकटून असलेल्या घरांत भिंत निवडायची सोय नसते. तिथे समोरचा रस्ता आणि मागचं अंगण, एवढ्या दोनच वाटा. कवेलूच्या छतातून पूर्वी धूर आपोआप निघून जायचा. स्लॅब पडला तेव्हा ती वाट बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी कुणी काढली नाही. अशा घरात स्लॅबमधून वर उभा पाइप नेणं हा सगळ्यांत चांगला उपाय आहे. गरम हवेला वरच जायचं असतं. पाइपाच्या टोकाला पावसाची टोपी आणि जाळी हवी, आणि स्लॅबच्या भोकाभोवती वॉटरप्रूफिंग नीट हवं.

हवा आत येण्याची वाट

इथे घाई करू नका. तासाला ५०० घनमीटर हवा सेकंदाला एक मीटर अशा सुखद वेगाने आत यायची असेल, तर साधारण दीड चौरस फूट मोकळी जागा लागते. मच्छरजाळी असेल तर ती वाट अडवते, म्हणून अडीच-तीन चौरस फूट धरा. स्वयंपाकघराचं दार उघडं असेल तर ते एकटंच यापेक्षा कितीतरी मोठं आहे. अडचण दाराची नसतेच, घराची असते. हॉलच्या खिडक्या बंद, बेडरूमचा एसी सुरू, बाल्कनीचं दार लोटलेलं. मग हवा दाराच्या फटींतून, बाथरूमच्या जाळीतून, अगदी ड्रेनेजच्या वासासकट ओढली जाते.

आता कूलर. खिडकीत किंवा खिडकीबाहेर स्टँडवर बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या पॅडमधून घरात ढकलतो. ढकललेल्या हवेला निघून जायला जागा नसेल तर घर दमट होतं आणि कूलर "काम करत नाही" अशी तक्रार सुरू होते. ही जागा स्वयंपाकघरात द्या. हॉलमध्ये कूलर, पलीकडे स्वयंपाकघरात एक्झॉस्ट सुरू, मधलं दार उघडं, बेडरूमची दारं लोटलेली. गार हवा हॉलमधून ओट्यापर्यंत येते, वाफ आणि ठसका उचलते आणि बाहेर जाते. पोळ्या लाटणाऱ्याच्या पाठीला गार झुळूक लागते आणि फोडणीचा वास हॉलकडे उलट येत नाही. एकाच मांडणीतून दोन्ही कामं होतात. उन्हाळ्यात नागपूरकराला स्वयंपाकघरासाठी यापेक्षा स्वस्त आणि चांगली सोय मला माहीत नाही. बंगल्यात डक्ट कूलर असेल तर त्याचं एक तोंड स्वयंपाकघराच्या दाराजवळ सोडायला सांगा.

यात दोन पथ्यं आहेत. कूलरचा झोत थेट गॅसवर येता कामा नये. ज्योत हलली की धूर चिमणीखालून निसटतो, आणि ज्योत विझली तर गॅस तसाच सुटत राहतो. म्हणून हवा स्वयंपाक करणाऱ्याच्या मागून, पसरून, हळू यावी. कूलरच्या पट्ट्या छताकडे वळवल्या तरी बराच फरक पडतो. दुसरं, घराच्या आत ठेवलेला कूलर तीच हवा फिरवत राहतो, बाहेरची आणत नाही. त्याच्या भरवशावर खिडक्या बंद ठेवू नका.

एसीच्या घरात उलट करायचं. स्वयंपाक सुरू असताना एसीच्या खोलीचं दार बंद ठेवा आणि दुसरीकडची एखादी खिडकी चार बोटं उघडा. चिमणीने एसीची गार हवा ओढून बाहेर फेकण्यात काहीच अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत, थंडीमुळे घर बंद असतं तेव्हाही ही चार बोटं विसरू नका.

किती ताकदीचा पंखा

स्वयंपाकघराची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा. १० बाय ८ फुटांची खोली आणि साडेनऊ फूट उंची म्हणजे सुमारे २१.५ घनमीटर. स्वयंपाक सुरू असताना तासात १५ ते २० वेळा ही हवा बदलावी, असा ढोबळ हिशोब धरला जातो. २० ने गुणलं तर ४३० घनमीटर. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडपा आणि पाइप लागले की तो उतरतो, म्हणून याच्या दीडपट, म्हणजे ६५० च्या आसपास आकडा असलेला पंखा घ्या. पात्यांचा व्यास सारखा असूनही दोन पंख्यांची हवा निरनिराळी असू शकते, तेव्हा इंच बघून घेण्यापेक्षा हा आकडा वाचा. ६ इंची पंखा बाथरूमसाठी ठीक आहे, स्वयंपाकघरात ९ किंवा १० इंचीच्या खाली जाऊ नका.

ओपन किचनमध्ये हा हिशोब कोलमडतो, कारण खोली कुठे संपते तेच ठरत नाही. तिथे धूर पसरण्याआधी ओट्यावरच पकडावा लागतो आणि म्हणून चिमणी.

एक्झॉस्टची जागा

छताजवळ, गॅसच्या जितकं जवळ जमेल तितकं, आणि दाराच्या समोरच्या बाजूला. हवा दारातून येऊन सगळी खोली ओलांडत पंख्यापर्यंत गेली पाहिजे.

सगळीकडे दिसणारी चूक म्हणजे सिंकवरच्या खिडकीच्या वरच्या भागात पंखा आणि खालची खिडकी उघडी. पंखा जोरात फिरतो, पण खिडकीतली हवा सरळ वर पंख्यात जाते आणि पुन्हा बाहेर. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला शिजणाऱ्या भाजीचा धूर जागचा हलत नाही. पंखा अशाच जागी असेल आणि बदलणं शक्य नसेल तर स्वयंपाक करताना ती खिडकी बंद करा आणि दार उघडा.

बाहेरच्या बाजूला आपोआप उघडझाप होणाऱ्या झडपा आणि जाळी बसवाच. कबुतरांना हे भोक फार आवडतं. वर सज्जा असला तर पावसाची चिंता निम्मी होते.

चिमणी घेताना

रुंदी गॅसच्या शेगडीएवढी तरी हवी. दोन बर्नरला ६० सेंटिमीटर, तीन-चार बर्नरला ७५ ते ९०. उंची शेगडीपासून साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर, आणि कंपनीच्या पुस्तिकेत जे दिलं असेल ते अंतिम. ओटा ३३ इंच, शेगडी ४ इंच आणि वर २७ इंच धरले तर चिमणीची खालची कड जमिनीपासून ६४ इंचांवर येते. घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला ओट्याशी उभं करून डोकं लागतं का ते आधीच बघा. लागतं म्हणून चिमणी फूटभर वर चढवली की धूर बाजूने निसटतो आणि सगळा खर्च वाया जातो.

तिरप्या काचेच्या चिमण्या दिसायला छान, डोक्यालाही लागत नाहीत. पण पसरट आणि खोल हूड असलेली चिमणी पुढच्या बर्नरवरचा धूर जास्त चांगला धरते. मोठा गंज (पातेलं) किंवा कढई शक्य असेल तेव्हा भिंतीकडच्या बर्नरवर ठेवा. तिथला धूर चिमणीच्या हाती लागतो, पुढच्या बर्नरवरचा अर्धवट सुटतो.

आपल्या स्वयंपाकाला स्टीलचे बॅफल फिल्टर (वळलेल्या पट्ट्यांचे) किंवा तेलाची वाटी असलेली बिनफिल्टरची चिमणी बरी. बारीक जाळीचे फिल्टर फोडणीच्या तेलाने लवकर तुंबतात. 'ऑटो क्लीन' बटणाने आतली मोटार आणि पंखा साफ होतो, पाइप होत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि आता पाइप, कारण पैसे इथेच वाया जातात. खोक्यावर तासाला १२०० किंवा १५०० घनमीटरचा आकडा असतो. ६ इंची पाइपातून तासाला १००० घनमीटर हवा न्यायची तर पाइपात तिचा वेग सेकंदाला १५ मीटर व्हावा लागतो. एवढा आवाज घरात कुणी सहन करत नाही, आणि घरातल्या पाइपाचा अडथळा ओलांडून प्रत्यक्षात हवा त्याहून बरीच कमी जाते. म्हणून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा पाइप आखूड आणि सरळ करा. एकूण लांबी आठ-दहा फुटांच्या आत, वळणं दोनपेक्षा जास्त नाहीत. काटकोनातल्या एका वळणाऐवजी दोन अर्धी वळणं घेतली तर हवा सहज जाते. घड्या पडणारा अॅल्युमिनियमचा पाइप वापरायचाच असेल तर पूर्ण ताणून लावायला सांगा. माळ्यावर सापासारखा वेटोळं घालून ठेवलेला पाइप दिसला तर कारागिराला तिथेच थांबवा. गुळगुळीत पत्र्याचा पाइप सगळ्यांत उत्तम, त्यात तेल कमी साचतं. ६ इंचाचा पाइप कुठेही ४ इंची करू देऊ नका, त्याने वाट निम्म्याहूनही कमी होते. आणि पाइपाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, म्हणजे पावसाचं पाणी मोटारीवर येत नाही.

भोक पाडण्याआधी ती भिंत विटांची आहे की आरसीसीची, हे विचारा. नव्या मोठ्या स्कीममध्ये बऱ्याच ठिकाणी भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय कोअर कटिंग (मशीनने गोल भोक कापणं) करू नका. बीमला आणि कॉलमला तर हात लावायचाच नाही. घर बांधकामात असेल तर टाइल्स लागण्याआधी ६ इंची पाइपाचा तुकडा भिंतीत बसवून ठेवा.

फ्लॅटमधली सामाईक डक्ट

काही स्कीममध्ये स्वयंपाकघराचं तोंड इमारतीच्या आतल्या उभ्या डक्टमध्ये, म्हणजे मोकळ्या पोकळीत, उघडतं आणि सगळ्या मजल्यांचे एक्झॉस्ट त्यातच सुटतात. घर बघायला जाल तेव्हा गच्चीवर जाऊन ती डक्ट वरून उघडी आहे का ते बघा. पत्र्याने झाकलेली असेल तर खालच्या मजल्यावरची सुकी मासळी तुमच्या घरात येणार. अशा ठिकाणी चिमणीच्या पाइपाला उलट हवा रोखणारी झडप हवीच, आणि तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर येणार नाही असं थोडं वर वळवून घ्या. शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलं तर पुढची भांडणं टळतात.

गॅस आणि गिझर

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो, आणि वर लावलेली चिमणी किंवा एक्झॉस्ट तिथवर पोचत नाही. सिलिंडर ओट्याखालच्या बंद कप्प्यात असेल तर कप्प्याच्या दाराला वर आणि खाली जाळी ठेवा, खालची जास्त महत्त्वाची. गॅसचा वास आला तर एक्झॉस्ट सुरू करायला धावू नका. बटण चालू करतानाही ठिणगी पडते आणि बंद करतानाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

घरात गॅस गिझर असेल तर आणखी सांभाळा. सगळं बंद घर आणि जोरदार चिमणी असं असलं की चिमणी हवा जिथून मिळेल तिथून ओढते. अशा वेळी गिझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी घरात फिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझरला बाहेर जाणारा स्वतंत्र पाइप आणि बाथरूमला उघडी जाळी नसेल, तर तो गिझर वापरू नका.

वायरिंगबद्दल थोडक्यात: चिमणीला वर, पाइपाशेजारी, अर्थिंग असलेला वेगळा सॉकेट द्या. एक्झॉस्टचं बटण शेगडीच्या मागे ठेवू नका, तिथे हात नेताना भाजतं. ५० वॅटचा पंखा रोज तासभर चालला तरी महिन्याला दीड युनिट होतं, तेव्हा विजेच्या काळजीने तो बंद ठेवू नका. स्वयंपाकाच्या दोन मिनिटं आधी सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या.

काम झाल्यावर तपासणी

कारागिराचे पैसे चुकते करण्याआधी उदबत्ती पेटवा. पंखा बंद ठेवून स्वयंपाकघराच्या दारात धरा, मग सुरू करा. दाराच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या अशा तिन्ही उंचींवर धूर आत, स्वयंपाकघराकडेच वळला पाहिजे. वरच्या बाजूला तो हॉलकडे येत असेल तर पंखा कमी पडतोय किंवा हवा आत यायची वाट अडली आहे. एक खिडकी उघडून पुन्हा बघा. तेवढ्याने फरक पडला तर पंख्यात दोष नाही. मग उदबत्ती शेगडीच्या पुढच्या कडेला धरून चिमणी धूर खेचते का ते बघा. घरात कूलर असेल तर तो सुरू करून हेच सगळं परत करा.

पुढची देखभाल नियमित हवी. स्टीलचे बॅफल फिल्टर दर पंधरवड्याला कढत पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्याचं लिक्विड टाकून अर्धा तास भिजवले की तेल सुटतं. अॅल्युमिनियमच्या जाळीला मात्र सोडा लावू नका, ती काळी पडते. तिला नुसतं लिक्विड आणि गरम पाणी पुरे. एक्झॉस्टची पाती महिन्यातून एकदा पुसा, आधी मेन स्विच बंद करून. तेलाचा थर चढला की पंखा थरथरतो आणि हवा कमी फेकतो. पाइप वर्षातून एकदा उघडून आतलं तेल काढा, कारण कढईचा भडका वर गेला तर आग तिथेच धरते. हे काम मृगाच्या आधी उरकलं तर त्याच शिडीवरून बाहेरच्या झडपा मोकळ्या आहेत का, टोपी हलली आहे का आणि भोकाभोवतीचं सिमेंट भेगाळलं आहे का, तेही बघून होतं.